रुआहाच्या जंगलात जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टांझानियातल्या रुआहा राष्ट्रीय उद्यानात दोनदा जाऊन आल्यापासून मला फोन येतात. ट्रेकिंगच्या ग्रुपमधून, पक्षीवाल्यांकडून, एकदा तर भाच्याच्या मित्राच्या आईकडून. प्रश्न तेच असतात आणि प्रत्येक वेळी अर्धा तास जातो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मी टूर चालवत नाही, कोणाचा एजंट नाही. चुका करून जे शिकलो, तेवढंच सांगतो आहे.

रुआहा नेमकं आहे कुठे? नाव कधी ऐकलं नाही.

टांझानियाच्या मध्य-दक्षिण भागात, इरिंगा शहराच्या पश्चिमेला. क्षेत्रफळ सुमारे २०,००० चौरस किलोमीटर. आपल्या ताडोब्याचा गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे तीस ताडोबे शेजारी शेजारी मांडा. जर्मनांनी १९१० मध्ये इथे सबा नावाचं शिकारीचं राखीव जंगल केलं, १९४६ मध्ये इंग्रजांनी त्याचं रुंग्वा केलं आणि १९६४ मध्ये त्यातून रुआहा राष्ट्रीय उद्यान वेगळं निघालं. २००८ मध्ये उसांगूचा पाणथळ प्रदेश त्याला जोडला गेला. त्या उसांगूची गोष्ट खाली येतेच; ती कळल्याशिवाय रुआहा कळत नाही.

सेरेंगेटी सोडून इथे का जायचं?

तुमची ही पहिलीच आफ्रिका असेल तर सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो या उत्तर टांझानियातल्या नावाजलेल्या जंगलांत जा. हे मी मनापासून सांगतो आणि बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. रुआहात लाखो विल्डबीस्टचं स्थलांतर नाही. गेंडा नाही; होता, पण शिकाऱ्यांनी संपवला. मोकळं गवताळ मैदान कमी, झुडपं आणि खडकाळ टेकड्या जास्त, त्यामुळे जनावर शोधावं लागतं.

मग आहे काय? एकांत. आम्ही एका सिंहाच्या कळपाजवळ अडीच तास थांबलो, दुसरी गाडी आली नाही. ताडोब्यात एका वाघामागे वीस जिप्सी बघितलेल्या माणसाला याची किंमत कळेल. दुसरं म्हणजे पूर्व आफ्रिकेचं काटेरी रान आणि आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातलं मिओम्बो नावाचं पानगळीचं जंगल इथे एकमेकांत मिसळतं. त्यामुळे मोठा कुडू आणि छोटा कुडू ही दोन्ही हरणं एकाच उद्यानात दिसतात, आणि नशीब असेल तर रोन आणि सेबल ही देखणी हरणंही. आफ्रिकन रानकुत्र्यांसाठीही रुआहाचं नाव आहे. आपल्या कोळसुंद्यांचे लांबचे नातेवाईक, पण अंगावर रंगाचे डबे सांडल्यासारखे दिसणारे.

कधी जावं?

जुलै ते ऑक्टोबर.

जरा सविस्तर: इथे पाऊस साधारण डिसेंबर ते एप्रिल. त्या काळात सगळीकडे हिरवंगार, सगळीकडे पाणी, म्हणजे जनावरं वीस हजार चौरस किलोमीटरभर पांगलेली. रस्ते चिखलाचे, आणि एप्रिल-मे मध्ये बरेच कँप बंदच असतात. जूनपासून डबकी आटायला लागतात आणि जसजसं पाणी कमी होतं तसतसं सगळं रान नदीकडे सरकतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर नदीकाठी एका जागी गाडी उभी करून बसलं तरी चालतं. हत्ती, म्हशी, जिराफ, झेब्रे पाळीपाळीने येतात आणि सिंह सावलीत बसून ही वर्दळ मोजत असतात.

किंमत एवढीच की ऑक्टोबरमध्ये ऊन विदर्भातल्या मे महिन्याची आठवण करून देतं. जून-जुलैत पहाटे उघड्या गाडीत चक्क थंडी वाजते, स्वेटर लागतो. मला विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. पक्षीवाल्यांनी मात्र माझं ऐकू नये. त्यांच्यासाठी जानेवारी ते मार्चचा हिरवा काळ, स्थलांतरित पक्षी आलेले असतात आणि दरही उतरलेले असतात.

दिवाळीच्या सुट्टीचं काय, हा पुढचा प्रश्न असतोच. दिवाळी लवकर असेल तर उत्तम. नोव्हेंबरच्या मध्याला असेल तर पहिल्या सरींचा जुगार आहे. एक जोरदार पाऊस झाला की जनावरं दोन दिवसांत पांगतात.

नदी आटते असं वाचलं. मग प्राणी पाणी कुठे पितात?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि मला सगळ्यात आवडतो.

ग्रेट रुआहा नदी उद्यानाच्या आग्नेय सीमेने वाहते. तिला वर्षभर पाणी देणारी टाकी म्हणजे वरच्या अंगाचं उसांगूचं पाणथळ मैदान. पूर्वी नदी बारमाही होती. १९९३ च्या कोरड्या हंगामात ती उद्यानात पहिल्यांदा वाहायची थांबली, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं थांबत आली आहे, काही वर्षी काही महिने. कारण आपल्याला नवीन नाही. वर उसांगूत भातशेतीचे पाट वाढले, पाणथळ भागात गुरांचे मोठे कळप आले, आणि खाली यायचं पाणी वरच मुरलं. दार-ए-सलामच्या खानावळीत ताटात पडणारा चांगला तांदूळ बहुधा या म्बेया-म्बाराली पट्ट्यातला असतो. उजनीच्या वर कोण किती अडवतं आणि खाली सोलापूरला काय येतं, या वादात वाढलेल्या माणसाला नकाशा न बघताही हे समजतं.

उद्यानाच्याही खाली म्टेरा आणि किडाटू ही धरणं आहेत, जलविद्युतची. म्हणजे नदी आटली की शहरातली वीजही तोकडी पडते, म्हणून हा विषय राजधानीपर्यंत पोचला. २००८ मध्ये उसांगू उद्यानाला जोडलं त्यामागे हेच होतं. पण त्याआधी तिथून हजारो गुराख्यांना आणि गावकऱ्यांना हलवलं गेलं, आणि त्या जखमा अजून ओल्या आहेत. इरिंगात कोणाशी या विषयावर बोललात तर ऐकायचं काम जास्त करा.

आता प्राण्यांचं. नदी वाहायची थांबली तरी खोल डोह राहतात. त्यात पाणघोडे आणि मगरी एकमेकांना खेटून बसलेल्या असतात, वास दूरवर येतो. आणि म्वागुसीसारख्या उपनद्यांच्या कोरड्या वाळूत हत्ती पुढच्या पायांनी आणि सोंडेने खड्डा खणतात. आपल्याकडे उन्हाळ्यात बायका नदीच्या पात्रात झिरा करतात, अगदी तसाच झिरा. हत्ती वरचं गढूळ पाणी सोंडेने उडवून टाकतो, खालून स्वच्छ झिरपेपर्यंत थांबतो आणि मग पितो. तो गेला की बबून, झेब्रे, इंपाला त्याच झिऱ्यावर येतात. हे दृश्य मी पाऊण तास बघितलं आणि त्या दिवशी बिबट्या दिसला नाही याचं काही वाटलं नाही.

किती दिवस ठेवावेत?

जंगलात चार रात्री. तीन ही तडजोड. दोन रात्रींसाठी जाणार असाल तर जाऊ नका. येण्याजाण्यातच जीव निघेल.

पोचायचं कसं?

मुंबई ते दार-ए-सलाम एअर टांझानियाचं थेट विमान २०१९ मध्ये सुरू झालं. ते तुमच्या तारखांना आहे का ते बघा. नाहीतर नैरोबी, आदिस अबाबा, दुबई किंवा दोहामार्गे. दार-ए-सलामहून (तिथे थोडक्यात ‘दार’च म्हणतात) पुढे दोन वाटा.

पहिली, बारा आसनी छोट्या विमानाने थेट उद्यानातल्या म्सेंबे किंवा जोंगोमेरोच्या धावपट्टीवर. सुमारे दोन तास, वाटेत दुसऱ्या उद्यानात उतरलं तर जास्त. धावपट्टी म्हणजे मुरुमाची पट्टी. विमान उतरण्याआधी कोणीतरी जीप फिरवून जिराफ हाकलतं.

दुसरी, रस्त्याने. दार ते इरिंगा सुमारे ५०० किलोमीटर, चांगला डांबरी महामार्ग, झांबियाकडे जाणाऱ्या ट्रकांनी भरलेला. हा रस्ता मिकुमी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जातो, त्यामुळे तिकीट न काढता खिडकीतून हत्ती दिसू शकतात. गावागावात ताशी ५० ची मर्यादा असते आणि पांढऱ्या गणवेशातला पोलीस झाडाआडून स्पीडगन धरून उभा असतो. एका दिवसात दार ते रुआहा करू नका, इरिंगात मुक्काम करा. इरिंगा उंचावर आहे, हवा महाबळेश्वरची. तिथून उद्यानाचं गेट शंभरेक किलोमीटर, बराचसा मुरुमाचा रस्ता, तीन तास धरा. मध्ये फाटा लागतो: एक वाट तुंगामालेंगा गावावरून जाते, आणि दुसऱ्या सरळसोट वाटेचं नावच ‘कधीच न संपणारा रस्ता’ आहे. नाव ठेवणाऱ्याने अतिशयोक्ती केलेली नाही.

आम्ही पहिल्या खेपेला रस्त्याने गेलो आणि परत विमानाने आलो. दोन्हीची मजा मिळाली, आणि परतीच्या वेळी कंबर वाचली.

स्वतः गाडी चालवता येईल का?

येईल. तिथेही आपल्यासारखं डाव्या बाजूने चालवतात. फोर व्हील ड्राइव्ह, दोन स्टेपन्या, आंतरराष्ट्रीय परवाना, पाण्याचे कॅन. पण वाळूत गाडी रुतली तर खाली उतरून फळी लावायची आहे आणि तीस मीटरवरच्या झुडपात काय आहे हे तुम्हाला माहीत नाही. इरिंगातून ड्रायव्हर-गाइडसह लँड क्रूझर मिळते, दिवसाला साधारण दोनशे ते तीनशे डॉलर. चौघांत वाटून घ्या. गाइडच्या डोळ्यांना जे दिसतं ते आपल्याला दाखवल्यावरही दिसत नाही.

व्हिसा?

भारतीयांसाठी ई-व्हिसा, साधा पर्यटक व्हिसा ५० डॉलर. टांझानिया इमिग्रेशनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. पत्ता ‘गो डॉट टीझेड’ने संपतो. हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट दुप्पट पैसे घेतात. निदान तीन आठवडे आधी अर्ज करा.

पुढे झांझिबारला जाणार असाल तर तिथला सक्तीचा प्रवास विमा वेगळा, ऑक्टोबर २०२४ पासून, माणशी ४४ डॉलर. भारतातून काढलेला विमा त्याऐवजी चालत नाही.

पिवळ्या तापाची लस घ्यावीच लागते का?

घ्या. नियम असा आहे की पिवळ्या तापाच्या देशातून येणाऱ्याकडे, किंवा तिथे बारा तासांहून जास्त थांबलेल्याकडे, टांझानिया प्रमाणपत्र मागतं. केनिया आणि इथिओपिया त्या यादीत आहेत. म्हणजे नैरोबीत एक दिवस थांबलात की अडकलात. आणि खरी अडचण परत येताना होते: यादीतल्या देशातून सहा दिवसांच्या आत आलेल्या आणि लसीचं कार्ड नसलेल्या माणसाला भारतात विलगीकरणात ठेवू शकतात. मुंबईच्या विमानतळावर कार्ड शोधत बॅग उपसणारी माणसं मी बघितली आहेत.

लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची, तिथेच पिवळं कार्ड मिळतं. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून आयुष्यभर चालतं. केंद्रांवर ठरावीक वारीच लस देतात आणि रांग असते, तेव्हा महिनाभर आधी हालचाल करा. साठीच्या पुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं, या लसीच्या बाबतीत वयाला महत्त्व आहे.

आणि मलेरिया?

आहे, आणि गंभीर प्रकारचा. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. डॉक्सिसायक्लिन स्वस्त, पण परत आल्यावरही चार आठवडे घ्यायची आणि उन्हाने कातडी लवकर भाजते. अॅटोव्हॅक्वोन-प्रोग्वानिल महाग, पण परतल्यावर सातच दिवस. संध्याकाळी पूर्ण बाह्या आणि मोजे. परतल्यावर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आफ्रिकेत जाऊन आलो.

त्सेत्से माशी खरंच इतकी वाईट आहे?

आपल्या गोमाशीची थोरली बहीण समजा. जीन्समधूनही चावते आणि हाताने मारली तरी उठून पुन्हा बसते. नदीकाठी कमी, दाट मिओम्बोत जास्त. निळा आणि काळा रंग तिला ओढून घेतो. रस्त्याकडेला निळं-काळं कापड टांगलेलं दिसेल, तो तिच्यासाठीच लावलेला विषारी सापळा असतो. मी पहिल्या दिवशी गडद निळा टी-शर्ट घालून गेलो होतो आणि ‘चालता-फिरता सापळा’ अशी पदवी मिळवून आलो. खाकी, मातकट, फिकट हिरवे कपडे घ्या. डास पळवणाऱ्या क्रीमचा हिच्यावर फारसा परिणाम नाही. तिच्यामुळे होणारा निद्रारोग पर्यटकांमध्ये दुर्मीळ आहे, पण चावलेल्या जागी फोड येऊन ताप आला तर दुर्लक्ष नको.

एकूण खर्च किती?

एक आकडा सांगता येत नाही, कारण निवासावर सगळं ठरतं. उद्यानाचं शुल्क परदेशी प्रौढाला २४ तासांना ३० डॉलर अधिक १८ टक्के व्हॅट, म्हणजे ३५ डॉलर ४० सेंट. निघण्याआधी चालू दर तपासा. शुल्क गेटवर कार्डाने भरतात, रोख घेत नाहीत, तेव्हा परदेशात चालणारी दोन कार्डं ठेवा.

यातली खोच त्या २४ तासांत आहे. दुपारी दोनला आत शिरलात तर दुसऱ्या दिवशी दोनपर्यंत. तीनला बाहेर पडलात की आणखी एक दिवस. बाहेर राहून रोज आत-बाहेर करणार असाल तर पुन्हा शिरताना नवीन शुल्क लागेल का, हे पहिल्याच दिवशी गेटवर विचारून घ्या. स्वस्त लॉज घेऊन वाचवलेले पैसे इथे जाऊ शकतात.

डॉलरच्या नोटा कोऱ्या आणि नव्या छपाईच्या न्या. जुन्या, दुमडलेल्या नोटा परत देतात. २०२५ पासून देशातले व्यवहार शिलिंगमध्येच करायचा नियम झाला आहे, म्हणून इरिंगात एटीएममधून शिलिंग काढा. एका रुपयाला पंचवीस-तीस शिलिंग येतात, त्यामुळे क्षणात लक्षाधीश व्हाल. गंमत म्हणजे स्वाहिलीत लाखाला ‘लाकी’च म्हणतात. गाडी म्हणजे ‘गारी’, दुकान ‘दुका’, साबण ‘सबुनी’, हिशेब ‘हेसाबू’, चपाती तर चपातीच. हिंदी महासागराने शतकानुशतकं माल आणि शब्द दोन्ही वाहिले.

राहायचं कुठे?

तीन पर्याय. गेटबाहेर तुंगामालेंगाच्या बाजूला साधी लॉज, खिशाला परवडणारी. आत म्सेंबेला उद्यानाचे स्वतःचे बांदा, म्हणजे साध्या खोल्या; नदीकाठच्या जुन्या खोल्या पत्र्याच्या आणि गोल आहेत, दुपारी तापतात, पण रात्री दाराशी हत्ती. तिथे खायचं सामान आपलं आपण न्यायचं. तिसरा पर्याय खासगी कँप, रात्रीला माणशी काही शे डॉलर, त्यात जेवण आणि सफारी धरलेली. माझं मत: हवं तर एक रात्र कमी करा, पण उद्यानाच्या आत राहा. पहाटेचा पहिला तास आणि संध्याकाळचा शेवटचा तास, रुआहा तेव्हाच खुलतं.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण भाषा सांभाळा. ‘म्बोगा’ म्हणजे भाजी, पण उगाली नावाच्या मक्याच्या उकडीबरोबर खायचं कालवण या अर्थानेही म्बोगा म्हणतात, आणि त्यात मटण असू शकतं. ‘न्यामा’ म्हणजे मांस, पण ‘न्यामा नको’ म्हटलं की पुष्कळ वेळा चिकन येतं, कारण कोंबडी त्यांच्या हिशेबात न्यामा नाही. पूर्ण वाक्य पाठ करा: ‘सिली न्यामा, कुकू, वाला समाकी’, मी मांस, कोंबडी, मासे काहीच खात नाही. अंडं म्हणजे ‘मायाई’. पुलाव, म्हणजे ‘पिलाऊ’, बहुधा मटणाच्या रश्शात शिजवलेला असतो.

बाकी आबाळ होत नाही. घट्ट ‘उगाली’ असतेच, ‘महारागे’ म्हणजे राजम्यासारखी उसळ, ‘म्चिचा’ तर सरळ आपला माठ. कचुंबर ‘काचुंबारी’ नावाने मिळते. कँपवाल्यांना आठवडाभर आधी कळवलं तर भाज्या इरिंगाहून मागवतात. आयत्या वेळी सांगितलंत तर तिन्ही त्रिकाळ पास्ता.

घरचं फरसाण, चटण्या न्याव्यात का?

न्या, पण प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगमध्ये नको. टांझानियात १ जून २०१९ पासून त्यांच्यावर बंदी आहे आणि पर्यटकांनाही लागू आहे. विमानतळावर काढून घेतात. प्रसाधनांच्या झिप पाऊचला सूट आहे. चिवडा डब्यात, कपडे कापडी पिशवीत. तंबूत मात्र खायचं काही ठेवू नका, विशेषतः संत्री, आंबे, केळी. हत्तीचं नाक आपल्या कल्पनेपलीकडचं असतं आणि तंबूचं कापड त्याला कागदासारखं.

छोट्या विमानाला सामानाची मर्यादा आहे म्हणे?

१५ किलो, हँडबॅग धरून, आणि मऊ बॅग. चाकांची कडक सूटकेस विमानाच्या पोटात मावत नाही. कॅमेऱ्याची मोठी लेन्स असेल तर कपडे तीन जोड. कँपात धुऊन देतात. बाकीची बॅग दारच्या हॉटेलात ठेवता येते. दुर्बीण माणशी एक. नवरा-बायकोत एकच नेली तर भांडण ठरलेलं.

चार्जरसाठी इंग्लंडसारखा चौकोनी तीन पिनांचा अॅडॉप्टर लागेल, आपली गोल पिन बहुतेक ठिकाणी बसत नाही. ड्रोन घरी ठेवा. परवान्याशिवाय उडवायला मनाई आहे.

रात्री तंबूत भीती वाटत नाही?

पहिल्या रात्री वाटते. कुंपण नसतं. पाणघोडा तंबूला अंग घासत चरतो तेव्हा त्याच्या चघळण्याचा आवाज उशाशी येतो. नियम साधा आहे: अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पडायचं नाही, जेवायला जातानाही पहारेकऱ्याला बोलवायचं, रात्री चेन उघडायची नाही. माणूस तंबूत असेपर्यंत बहुतेक जनावरं तंबूकडे दगड असल्यासारखं बघतात. संध्याकाळी पाणी कमी प्या, एवढा एक सल्ला पन्नाशीच्या पुढच्यांना जास्तीचा.

पायी सफारी करता येते का?

हो, आणि चुकवू नका. सोबत बंदूकधारी रेंजर असतो, साधारण बारा वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत. मोठं जनावर फार दिसत नाही, दिसू नये हीच इच्छा असते. पण माग वाचायला मिळतो: हा तरसाचा, ही लीद आजची, इथे बिबट्याने शिकार ओढत नेली.

आणि गोरखचिंच. आपल्याकडे वसई, मुंबई, मराठवाड्यात एखाददुसरी जुनी गोरखचिंच दिसते, आफ्रिकेतूनच कधीकाळी आलेली. इथे टेकड्याच्या टेकड्या तिच्या आहेत. कोरड्या दिवसांत हत्ती सुळ्यांनी साल सोलून आतला ओलसर गाभा चघळतात, कित्येक झाडांची कंबर खोदून काढलेली दिसते, तरी झाड उभं.

पक्ष्यांचं सांगा.

साडेपाचशेहून जास्त जातींची नोंद आहे. रुआहाचं नाव लावणारा लाल चोचीचा धनेश इथल्या भागातच मिळतो. राखी साळुंकी फक्त टांझानियात. पिवळ्या गळपट्ट्याचे लव्हबर्ड थव्याने. आणखी हवं असेल तर एखाद्या पक्षीवेड्या मित्राला सोबत न्या, माझी उडी इथवरच.

आई-वडिलांना नेलं तर झेपेल?

गुडघे आणि पाठ ठीक असेल तर विमानाने नेऊन आत चार रात्री ठेवा, उत्तम झेपेल. रस्त्याने नको. महत्त्वाची गोष्ट अशी की जवळचं मोठं रुग्णालय इरिंगात आहे, तीन तासांवर. त्यामुळे हवाई रुग्णवाहिका धरलेला विमा हवाच. नैरोबीच्या आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सची अल्प मुदतीची सदस्यता मिळते, ती घ्या. औषधं दुप्पट, दोन वेगळ्या बॅगांत. मोबाइलला रेंज तुकड्यातुकड्यात येते. सिम पासपोर्ट आणि बोटांचे ठसे देऊन दारलाच घ्या, आणि घरी सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागला नाही तर वाहिनीवाल्यांना कळवू नका.

इरिंगात एक दिवस मोकळा आहे, काय बघावं?

शहराबाहेर इसिमिला, पावसाने कोरलेले मातीचे उंच सुळके आणि त्यांच्या पायथ्याशी सापडलेली अश्मयुगीन दगडी हत्यारं.

पण मी आधी कालेंगाला जाईन, ते रुआहाच्या वाटेवरच आहे. हेहे लोकांचा राजा म्क्वावा याची ही राजधानी. १८९१ मध्ये लुगालो या ठिकाणी त्याच्या माणसांनी बहुतेक भाले-ढालींनी जर्मन पलटण कापून काढली. जर्मनांनी १८९४ मध्ये कालेंगा उद्ध्वस्त केलं, तरी तो आणखी चार वर्षं रानावनातून लढत राहिला. सगळीकडून घेरला गेला तेव्हा १८९८ मध्ये त्याने स्वतःला गोळी घातली. त्याचं डोकं जर्मनीला गेलं. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहात ते परत करण्याचं कलम आहे, आणि तरीही कवटी परत यायला १९५४ उजाडलं. आज ती छोट्याशा संग्रहालयात काचेच्या पेटीत आहे. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला तिथल्या रखवालदाराशी बोलायला विषय शोधावा लागत नाही.

स्वाहिली येत नसेल तर अडतं का?

गाइडना इंग्रजी येतं. ‘जांबो’पेक्षा ‘हबारी’ म्हणा, ‘असांते’ म्हणा, आणि मोठ्या माणसाला ‘शिकामू’ म्हणून नमस्कार करा, चेहरा उजळतो. सिंह ‘सिंबा’, हत्ती ‘तेंबो’, जिराफ ‘ट्विगा’, बिबट्या ‘चुई’. गाइड ‘मांबा’ म्हणाला तर साप शोधू नका, मगर आहे.

वेळेचा घोळ मात्र आधीच समजून घ्या. स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात, आपल्या प्रहरांसारखा. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, एक वाजला. घड्याळात जो काटा दिसतो त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. आमच्या ड्रायव्हरने पहिल्या संध्याकाळी बजावून सांगितलं, ‘सा कुमी ना म्बिली असुबुही’, सकाळी बारा वाजता निघू. आम्ही निवांत झोपायच्या तयारीत. तो सहाला तंबूबाहेर इंजिन चालू करून उभा होता.